वाचू नका, मत द्या

लेमनी स्निकेट या टोपणनावाने डॅनियल हँडलरने लिहिलेल्या ‘अ सिरीज ऑफ अनफॉर्च्युनेट इव्हेंट्स’ या मुलांच्या कादंबरीमालिकेवर मत द्यायचं असेल, तर पहिलं पथ्य म्हणजे पुस्तक उघडायचं नाही. १९९९ ते २००६ या काळात निघालेले १३ भाग आहेत. वाचत बसलात तर मत बदलायची भीती. शिवाय मलपृष्ठावर लेखकच विनवतो की बाबांनो, हे खाली ठेवा, दुसरं काहीतरी आनंदी वाचा. मोठी माणसं त्याचं ऐकतात. पोरं ऐकत नाहीत, म्हणून तर सहा कोटींवर प्रती खपल्या.

मलपृष्ठावर हवं तेवढं मिळतं. आगीत आईवडील जातात. चौदा वर्षांची व्हायोलेट, बारा वर्षांचा क्लाउस आणि दिसेल त्याला चावणारी तान्ही सनी पोरकी होतात. त्यांच्या वारशावर डोळा ठेवून काउंट ओलाफ नावाचा भिकार नट मागे लागतो. झालं. आता सुस्कारा सोडून म्हणा, “मुलांसाठी जरा जास्तच काळंकुट्ट आहे, नाही?” मग घरी जाऊन पोराला झोपवताना ती गोष्ट सांगा, ज्यात कावळ्याचं घर वाहून जातं, तो पावसात कुडकुडत दार ठोठावतो आणि चिऊताई आतून सांगते, थांब, माझ्या बाळाला तीट लावते. ती संस्कारांची गोष्ट आहे. तिची गोष्ट वेगळी.

काळंकुट्ट हा शब्द आवडत नसेल तर ‘शब्दसंपत्ती वाढते’ म्हणा. निवेदक मध्येच थांबून अवघड शब्दांचे अर्थ सांगतो, हे खरंच आहे. ते अर्थ त्या प्रसंगापुरते आणि बऱ्याचदा तिरके असतात, हे तुमच्या पोराच्या बाईंना पेपर तपासताना कळेल.

भाषाशुद्धीवाल्यांनी मात्र तिसऱ्या भागातल्या आंट जोसेफिनचा कित्ता गिरवावा. दाराची मूठ फुटून डोळ्यात जाईल, चूल पेट घेईल, अशा भीतीने ही बाई मुलांना गार सूप पाजते. प्रेम एकाच गोष्टीवर, व्याकरणावर. ओलाफ खलाशाचं सोंग घेऊन तिच्यासमोर उभा राहतो. त्याच्या व्हिजिटिंग कार्डावर ॲपोस्ट्रॉफी चुकली आहे, हे तिला तत्काळ दिसतं. तो ओलाफ आहे, हे दिसत नाही.

यानंतरची तक्रार सगळ्यात बिनधोक: “प्रत्येक भागात तेच. नवा पालक, नवं सोंग, मुलं ओरडून सांगतात आणि कुणी ऐकत नाही. खरी मोठी माणसं इतकी बावळट असतात का हो?” ही बिनदिक्कत करा, फक्त करताना मिस्टर पो यांना विसरू नका. हे बँकवाले. मुलांची व्यवस्था त्यांच्याकडे. पहिल्या भागात तिघं चालत त्यांच्या बँकेत जातात. तिघांत एकच पलंग दिलाय, ओलाफने क्लाउसच्या थोबाडीत मारली, त्याचा गाल बघा, असं सांगतात. तेवढ्यात फोन वाजतो. पो फोन घेतात. फोन ठेवून ‘पालकाच्या जागी असलेली व्यक्ती’ या अर्थाचा एक लॅटिन शब्दप्रयोग नीट समजावतात आणि मुलांना त्याच घरी धाडतात. दुसऱ्या भागात ओलाफच्या घोट्यावरचं डोळ्याचं गोंदण पावडर लावून झाकलेलं. पो वाकून बघतात. गोंदण नाही, म्हणजे ओलाफ नाही. शेवटी खोकून खोकून त्यांनीच ओला केलेल्या रुमालाने घोटा घासला, तेव्हा कुठे तो डोळा उघडा पडतो. समीक्षकाला लागते ती तटस्थता हीच.

शेवटाबद्दल बोलायची वेळ आली तर ‘साखरदाणी’ एवढंच म्हणून खिन्न हसा. गोष्टीतली मोठी माणसं जिच्या मागे लागलेली असतात त्या साखरदाणीत काय होतं, हे १३व्या भागातही सांगितलेलं नाही, आणि काही वाचक अजून त्यावर रुसलेले आहेत. नेटफ्लिक्सने पुस्तकांवर काढलेल्या मालिकेच्या २०१९च्या शेवटच्या हंगामात सांगून टाकलं. तुम्ही मालिका बघा आणि पुस्तकाला नावं ठेवा.

हे सगळं चालू असताना तुमचं पोर सोफ्यावर उलटं लोळत तेच पुस्तक वाचत असेल, मध्येच खुदकन हसेल. हसू द्या. पण पुस्तक मिटून ते म्हणालं, “बाबा, त्या क्लासच्या सरांबद्दल तुम्हाला एक सांगायचंय,” तर फोन वाजतोय का बघा. नसेल वाजत तर खोका. रुमाल खिशात असू द्या.