सही केली म्हणून पोरगी अडकत नाही

परवा रात्री साडेनऊला बहिणीचा फोन आला. "दादा, हिचं आयटीआयचं अ‍ॅडमिशन रद्द करावं म्हणतोय आम्ही. तुला सांगून ठेवलेलं बरं." भाचीला दहावीला ७१ टक्के. कोल्हापुरात कळंबा रोडच्या सरकारी आयटीआयला टर्नरला, म्हणजे लेथवरचं काम शिकायला, नंबर लागलेला, फी भरलेली, पोरगी खूश. मग मधेच झालं काय? तर बहिणीच्या बचत गटाच्या ग्रुपवर एक मेसेज आला होता. तोच मेसेज दुसऱ्या दिवशी उद्यमनगरातल्या एका दुकानदारानं मला पाठवला, आणि संध्याकाळी तो आमच्या गल्लीच्या ग्रुपवरही येऊन पडला. खाली कुणाचं नाव नाही, तारीख नाही. वर मोठ्या अक्षरात 'आपल्या मुलांना वाचवा'.

मेसेजात म्हटलंय ते थोडक्यात असं. सरकार आयटीआय बंद करून कंपन्यांना विकतंय. आयटीआय केलं की पुढच्या शिक्षणाची वाट बंद. अप्रेंटिसच्या, म्हणजे कारखान्यातल्या शिकाऊ उमेदवारीच्या, करारावर सही केली की मूल कंपनीचं वेठबिगार झालं. मधेच सोडलं तर लाखाचा दंड, मूळ सर्टिफिकेटं जप्त, आणि अपघात झाला तर कुणी विचारत नाही. स्टायपेंडसाठी, म्हणजे शिकताना मिळणाऱ्या विद्यावेतनासाठी, सरकार देतं ते पैसे कंपनीच खाते. शाळा न शिकता इंजिनं उभी करणारे कोल्हापूरचे म्हादबा मेस्त्री कुठल्या आयटीआयला गेले होते? त्यापेक्षा पोरगं ओळखीच्या कारखान्यात लावा, दोन वर्षांत कारागीर होतंय. आणि घरबसल्या महिन्याला १० हजार देणारी सरकारी योजना आहे, तिचा फॉर्म भरा.

मी स्वतः टर्नर आहे. १९९४ ला आयटीआय पास झालो, पुढं अप्रेंटिस केली, आणि गेली एकवीस वर्षं तीन लेथवर माझं छोटं वर्कशॉप चालवतोय. हा मेसेज वाचून मला गप्प बसवेना.

सगळ्यात आधी करार, कारण माझी बहीण त्यालाच घाबरली. "आपण अंगठेबहाद्दर माणसं, पोरीला कशाला सही करायला लावायची," हे तिचे शब्द. ती स्वतः बारावी शिकलेली आहे, बचत गटाचा हिशेब लिहिते, तरी एका मेसेजानं तिला असं वाटायला लागलं. याचाच मला राग आहे.

१९६१ चा शिकाऊ उमेदवारीचा कायदा आहे. लहानसा आहे, सरकारी वेबसाइटवर फुकट मिळतो. मी परवा रात्री बारापर्यंत तो पुन्हा वाचून काढला. कलम १६ म्हणतं की प्रशिक्षणाच्या कामात उमेदवाराला अपघातानं इजा झाली तर भरपाई देण्याची जबाबदारी मालकाची. कलम १४ नं कारखाने कायद्यातल्या आरोग्य, सुरक्षितता आणि कल्याणाच्या तरतुदी उमेदवारालाही लागू केल्यात. कलम १५ म्हणतं की शिकाऊ उमेदवारी सल्लागार म्हणून जो सरकारी अधिकारी असतो त्याच्या मंजुरीशिवाय उमेदवाराकडून ओव्हरटाइम करून घेता येणार नाही. कलम १३ तर आपल्या कोल्हापूरच्या मशीन शॉपवाल्यांनी भिंतीवर लिहून ठेवावं असं आहे: उमेदवाराला नगावर पैसे द्यायचे नाहीत, उत्पादनाच्या बोनसात त्याला ओढायचं नाही. म्हणजे शिकणाऱ्या पोराला 'आज दोनशे जॉब (नग) काढ' म्हणून जुंपता येत नाही. हे मोडलं, किंवा शिकण्याशी संबंध नसलेलं काम लावलं, तर २०१४ च्या दुरुस्तीनं कलम ३० मध्ये दर वेळेला १ हजार रुपये दंड ठेवला. रक्कम कमी आहे, वाढायला पाहिजे. पण वेठबिगाराच्या बाजूनं असला कायदा असतो का?

आता दंडाचं. यात अर्धं खरं आहे, ते सांगायलाच हवं. उमेदवाराच्या चुकीमुळं करार मोडला तर प्रशिक्षणाचा खर्च परत करावा लागेल, असं कलम ७ मध्ये आहे. पण तो आकडा ठरवायचा अधिकार शिकाऊ उमेदवारी सल्लागाराचा, कंपनीचा नव्हे. आणि चूक मालकाची असली तर त्याच कलमाप्रमाणे भरपाई मालकानं उमेदवाराला द्यायची. मेसेज लिहिणाऱ्यानं कलमाचं पहिलं वाक्य गाळलं, दुसरं घेतलं आणि त्याला लाखाचा आकडा स्वतःच जोडला. मूळ सर्टिफिकेट ठेवून घ्यायचा अधिकार तर या कायद्यात कुणालाच नाही. काही ठिकाणी ठेवून घेतात, मला माहीत आहे. तिथं झेरॉक्स द्यायची, मूळ कागद दाखवायचा आणि परत घ्यायचा.

कंपनी सोडता येत नाही म्हणे. कलम २२ बघा. वर्ष संपल्यावर त्याच कंपनीत राहायची सक्ती नाही. करारात तशी अट घातली असेल तरच उमेदवार बांधला जातो, आणि मग मालकही तितकाच बांधला जातो, त्याला योग्य नोकरी द्यावीच लागते. अट एकतर्फी होत नाही.

हे सगळं मी नुसतं वाचून सांगत नाही. १९९५ च्या पावसाळ्यात मी जिथं अप्रेंटिस होतो तिथं माझ्याच वयाचा शाहूवाडीकडचा एक पोरगा हेल्पर म्हणून होता. मामाच्या ओळखीनं लागलेला. कागद नाही, हजेरीपटावर नाव नाही, शनिवारी हातात पैसे. एक दिवस प्रेसवर त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. पहिल्या दिवशीचं दवाखान्याचं बिल मालकाच्या माणसानं भरलं. आठवड्यानं पोराचे वडील गेटवर आले तेव्हा त्यांना सांगितलं, "हा आमच्याकडं कामाला नव्हताच." कायदा त्याच्याही बाजूचा होता, पण तो तिथं काम करत होता हे दाखवायला त्याच्याकडं चिठ्ठीसुद्धा नव्हती. आम्ही चार पोरं साक्षीला तयार होतो. वडिलांनी हात जोडले, "नको बाबांनो, तुमचंही नुकसान होईल," आणि ते त्याला घेऊन गावी गेले.

त्याच्या पुढच्याच महिन्यात माझ्या डोळ्यात बर, म्हणजे लोखंडाचा बारीक कण, उडाला. माझं नाव रजिस्टरला होतं, करार नोंदवलेला होता. सुपरवायझरनं धावपळ करून मला डोळ्याच्या डॉक्टरकडं नेलं, अपघात लिहिला गेला, खर्च कारखान्यानं केला. मालक तोच, गेट तेच. फरक फक्त त्या सहीच्या कागदाचा होता. आणि हा मेसेज माझ्या बहिणीला सांगतो की कागदावर सही करू नका, ओळखीनं लावा! याहून घातक सल्ला एखाद्या आईला देता येईल असं मला वाटत नाही.

अप्रेंटिस म्हणजे सगळं गोडच, असंही मी म्हणणार नाही. मला पहिले चार महिने लेथला हात लावू दिला नाही. कास्टिंग घासायचं, गाडी भरायची, चहा आणायचा. अजूनही कितीतरी ठिकाणी पोरांना स्वस्तातली माणसं म्हणून वापरतात. कायद्यानं उमेदवार हा कामगार धरला जात नाही, कलम १८ तसं स्पष्ट सांगतं, आणि काही मालक नेमका त्याचाच फायदा घेतात. पण त्यावर तक्रार करायला जागा आहे. आयटीआयमध्येच मूलभूत प्रशिक्षण व अनुषंगिक सूचना केंद्र असतं, अप्रेंटिसचं काम तिथून चालतं. करारावरून वाद झाला तर कलम २० प्रमाणे तो सल्लागाराकडं नेता येतो. मला १९९४ ला हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर ते चार महिने वाया गेले नसते.

पैशाचं बघू. २०१९ च्या नियमांप्रमाणे आयटीआय पास उमेदवाराला महिन्याला किमान ७ हजार रुपये स्टायपेंड ठरला, दुसऱ्या वर्षी १० टक्के वाढ. केंद्राच्या योजनेत स्टायपेंडचा २५ टक्के हिस्सा, जास्तीत जास्त १५०० रुपये, सरकार देतं. पूर्वी ही रक्कम आधी कंपनी द्यायची आणि मग सरकारकडून परत मागायची, त्यामुळं 'कंपनी खाते' हा संशय अगदीच हवेतला नाही. पण २०२३ पासून सरकारचा हिस्सा थेट उमेदवाराच्या बँक खात्यात जमा होतो. पासबुक भरून आणलं की दिसतं. ७ हजारात कोल्हापुरात खोलीचं भाडं आणि मेस भागत नाही, हे मात्र मेसेजवाल्यानं लिहिलं असतं तर मी स्वतः तो मेसेज पुढं पाठवला असता.

आयटीआय विकायला काढल्यात, या दाव्यात कशाचा कशाला मेळ नाही. २००७-०८ मध्ये केंद्रानं देशातल्या १३९६ सरकारी आयटीआय उद्योगांच्या भागीदारीत सुधारायची योजना आणली, त्यात प्रत्येकी अडीच कोटींपर्यंत बिनव्याजी कर्ज होतं. त्या विकल्या गेल्या नाहीत. २०२५ मध्ये केंद्रानं १ हजार सरकारी आयटीआय सुधारायला ६० हजार कोटींची योजना मंजूर केली. त्याच वर्षी राज्यानं खाजगी भागीदारीचं धोरण आणलं, त्यातही जागा आणि इमारत सरकारचीच राहते. भागीदारीवर डोळा ठेवायलाच हवा. शिकवणाऱ्या निदेशकांच्या रिकाम्या जागा आणि जुनी मशीनं हा खरा प्रश्न आहे, त्यावर ओरडलंच पाहिजे. पण त्यासाठी आधी पोरं आयटीआयत असायला पाहिजेत. प्रवेश रद्द करून रिकामे केलेले वर्ग बंद करणं सगळ्यात सोपं.

पुढच्या शिक्षणाची वाट बंद होते, हे धडधडीत खोटं. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगलाही थेट दुसरं वर्ष. माझ्याकडं शिकून गेलेला एक पोरगा याच वाटेनं आज एका कंपनीत डिझाइनला आहे.

घरबसल्या १० हजारांचं तर विचारूच नका. २०२४ ला राज्यानं मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आणली, 'लाडका भाऊ' म्हणून जी गाजली ती. बारावीला ६ हजार, आयटीआय आणि डिप्लोमाला ८ हजार, पदवीला १० हजार. घरबसल्या काही नाही, आस्थापनेत जाऊन प्रशिक्षण घ्यायचं, तेही ठरावीक महिने. दहावी पास पोरीला त्यात जागाच नाही. उलट तिनं आयटीआय केला तर ८ हजारांच्या गटात बसते. म्हणजे ज्या योजनेचं आमिष दाखवून आयटीआय सोडायला सांगतात, तिच्यात शिरायला बारावी, नाहीतर आयटीआय तरी लागतो.

राहिले म्हादबा मेस्त्री. उद्यमनगर त्यांना यंत्रमहर्षी म्हणतं आणि माझ्या वर्कशॉपमध्ये त्यांचं नाव आदरानंच घेतलं जातं. शाळेच्या शिक्षणाशिवाय त्यांनी इंजिनं उभी केली, हे खरं. पण एका म्हादबांमागं तशीच शाळा न मिळालेली किती माणसं आयुष्यभर हमाली करत राहिली, त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. याच कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, मुलाला शाळेत न धाडणाऱ्या आईबापाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. अंगच्या हुशारीवर एखादाच तरतो, बाकीच्यांना शिकवावं लागतं, हे महाराजांना कळत होतं. आणि आज लेथ तरी कुठं तेव्हाचा राहिलाय? शिरोलीला, गोकुळ शिरगावला, कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं, आहेत. ड्रॉइंग वाचता येत नाही, मायक्रोमीटर धरता येत नाही असा पोरगा तिथं पाच वर्षांनीही जॉब चढवायचा आणि उतरवायचाच.

मुलीनं टर्नर होऊ नये, असं मेसेजात लिहिलेलं नाही, पण बहिणीच्या सासरी ते बोललं गेलं. आयटीआयत मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव आहेत. त्या रिकाम्या ठेवायला नाहीत.

काल रविवारी मी गावी जाऊन आलो. कायद्याची प्रिंट नेली होती. सोप्यात बसून बहिणीनं कलम १६ स्वतः मोठ्यानं वाचलं, मराठीत मी सांगत गेलो. दाजी काही बोलले नाहीत, पण जाताना त्यांनी विचारलं की करार होईल तेव्हा काय काय बघायचं. मी त्यांना वहीच्या पानावर लिहून दिलं: ट्रेडचं नाव टर्नरच आहे का, कालावधी किती, स्टायपेंडचा आकडा काय, नोकरीची अट आहे का, सरकारी पोर्टलवर करार नोंदला का, त्याचा नंबर काय. पोरगी तेव्हा १८ ची झालेली नसेल तर सही पालकाची लागते. त्या पानाचा फोटो बहिणीनं तिथंच काढला आणि बचत गटाच्या ग्रुपवर टाकला, त्या मेसेजच्या खाली.