टिंबाआधीची रेघ

मी सीए ऑफिसात ऑडिट करतो. एकदा प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढून दिला, तेव्हापासून मेल सर्व्हरही माझ्याच गळ्यात पडलाय.

जुलैच्या सुरुवातीला आमच्या एकाने आलेलं 'बिल' उघडलं. नाव बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई, म्हणजे उघडताच चालू होणारा प्रोग्राम. पण विंडोज शेवटचं शेपूट लपवतं, त्यामुळे बिचाऱ्याला पीडीएफच दिसली. (२००० साली 'आय लव्ह यू' व्हायरसने याच युक्तीवर जग फिरवलं होतं. माणूस अजून तसाच आहे.) अँटिव्हायरस जागा होता म्हणून निभावलं. सर म्हणाले, "असलं काही दारातूनच परत गेलं पाहिजे. उद्यापर्यंत कर."

पोस्टफिक्स, म्हणजे आमचा मेल सर्व्हर चालवणारा प्रोग्राम; त्यात हे एका ओळीचं काम. अटॅचमेंटच्या नावात .ईएक्सई, .बॅट, .कॉम, .एससीआर असं प्रोग्रामचं शेपूट दिसलं की रिजेक्ट. रात्री ओळ लिहिली, रीलोड मारलं, झोपलो. दुसऱ्या दिवशी इनबॉक्समध्ये शुकशुकाट. स्पॅम संपला म्हणून मी दिवसभर मिरवलो.

तिसऱ्या दिवशी फोन सुरू झाले. "अहो, तीनदा पाठवलं, तुमचा कॉम्प्युटर आम्हाला आतच घेत नाही!"

लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, उघडला. 'इन्कम टॅक्स' नावाची प्रत्येक फाइल परत गेलेली. सीए ऑफिसातून. जुलैत.

आनंदीबाईंनी 'ध' चा 'मा' केला म्हणतात; मी नुसती एक रेघ विसरलो होतो. त्या ओळीत काय शोधायचं त्याचा पॅटर्न असतो, आणि पॅटर्नमध्ये टिंब म्हणजे टिंब नव्हे, कुठलंही एक अक्षर. खरं टिंब हवं तर त्याआधी उलटी तिरकी रेघ लागते. ती नसल्यामुळे 'इन्कम'च्या स्पेलिंगमधला एन झाला टिंब आणि पुढे सी-ओ-एम उभाच. 'रिबेट'च्या पोटात बॅट निघाली. एका आजोबांचं 'प्रिस्क्रिप्शन' एससीआरपायी अडकलं. नाव तिथेच संपायला हवं, हेही मी लिहिलं नव्हतं.

रेघा दिल्या, शेवट बांधला. मग ऑफिसातूनच स्वतःला दोन मेल टाकले. 'टेस्ट' नावाची ईएक्सई रोमन लिपीत. ती धाडकन परत आली. दुसरीचं नाव देवनागरीत 'लग्नपत्रिका', शेपूट तेच. ती सरळ आत येऊन बसली. देवनागरी नाव मेलमध्ये बहुतेकदा बेस६४ मध्ये, म्हणजे साध्या रोमन अक्षर-आकड्यांच्या सांकेतिक रूपात, गुंडाळून जातं, शेपटासकट; आणि पोस्टफिक्स ते गाठोडं सोडून बघत नाही.

सरांनी केबिनमधून विचारलं, "झालं का रे?"

"इंग्रजी झालं, सर."