सातबारा जोडला तरी

आज दुपारी माझी पीएचडीची विद्यार्थिनी कुरियरचं पाकीट घेऊन केबिनच्या दारात उभी राहिली. "मॅडम, नाही झालं." एवढंच म्हणाली.

पाकिटात पासपोर्ट आणि व्हिसा नाकारल्याचा एक कागद. कारणं आधीच छापलेली, त्यातल्या एका चौकटीत फुली. मुदत संपायच्या आत तुम्ही परत जाल याबद्दल शंका आहे, अशा अर्थाचं ते कारण. खाली लिहिलंय, अपील करता येईल. कॉन्फरन्स सोमवारी आहे. आज बुधवार. कुठलं अपील?

अहो, ही इंदापूरकडची पोरगी. दख्खनच्या बेसॉल्टमधल्या, म्हणजे आपल्या काळ्या कातळातल्या, भूजलावर काम करते. तीन उन्हाळे विहिरींच्या काठावर वाकून टेपने पाण्याची पातळी मोजली आहे तिने. अजून एक पावसाळा मोजायचा राहिलाय. ती पाच दिवसांसाठी युरोपात जाऊन तिकडेच कशाला राहील? तिच्या विहिरी इथे आहेत!

काय द्यायचं बाकी ठेवलं होतं? आयोजकांचं आमंत्रण, आमच्या कॉलेजची एनओसी, फेलोशिपचं पत्र, बँक स्टेटमेंट, वडिलांचे आयटीआर, हॉटेलचं बुकिंग, जाण्यायेण्याचं तिकीट, ३०,००० युरोंचा मेडिकल इन्शुरन्स. ९० युरो फी, म्हणजे नऊ हजारांच्या घरात, ती परत मिळत नाही. वर व्हिसा केंद्राचे वेगळे पैसे. फेलोशिप चार महिने जमा झालेली नाही, हे सांगायला तिला लाज वाटत होती. मला राग येतोय तो याचा.

मला सारखे माझे बाबा आठवताहेत. २००९ साली अशाच एका कॉन्फरन्सला माझा पेपर स्वीकारला गेला होता, तेव्हा फी ६० युरो होती. कुणीतरी सांगितलं, जमीनजुमला दाखवा, म्हणजे परत येणार याची त्यांना खात्री पटते. बाबा निवृत्त शिक्षक. स्वारगेटहून एसटीने सासवडला, तिथून गावी, सातबारा आणायला. पहिल्या खेपेला तलाठी भेटले नाहीत. दुसऱ्या खेपेला उतारा मिळाला. मग त्याचं इंग्रजी भाषांतर, मग शिवाजीनगर कोर्टाबाहेर नोटरी. पाऊण एकर जिरायत, त्यात चार भावांची नावं. बाबांनी तो उतारा प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये सगळ्यात वर ठेवला होता. मुंबईत खिडकीपलीकडच्या माणसाने तो बाजूला सारला आणि विचारलं, लग्न झालंय का?

मला व्हिसा मिळाला. बाबांनी मात्र घरी आल्यावर एकच विचारलं, "सातबारा बघितला ना त्यांनी?" मी हो म्हणाले.

मान्य आहे, जाऊन परत न आलेलेही आहेत आपल्यातले. आणि आपल्याकडे परदेशी अभ्यासकांना बोलवायचं तर आपलेही आयोजक मंत्रालयांच्या परवानग्यांमागे धावतात, तेही ठाऊक आहे. पण म्हणून हिच्या कागदावर फुली?

मला खरं भांडायचंय ते आयोजकांशी. पेपर स्वीकारल्याची मेल आली कॉन्फरन्सच्या दोन महिने आधी. नियमाने सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, पण हातात पत्रच नसेल तर काय जोडणार? अपॉइंटमेंट मिळायला तीन आठवडे गेले. निर्णय १५ दिवसांत अपेक्षित असतो, पण तो ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. हे गणित त्यांना कुणी शिकवायचं? ज्यांना व्हिसा लागतो त्यांचे पेपर आधी तपासा, पत्र चार-पाच महिने आधी द्या. आणि एखादी कॉन्फरन्स नैरोबीला, काठमांडूला घ्या ना! दुष्काळी गावांच्या पाण्यावर चर्चा, आणि ते पाणी मोजणारीच खोलीबाहेर. नावात मात्र 'आंतरराष्ट्रीय'.

हे लिहिताना मध्येच तिचा फोन आला. मी सांत्वनाची वाक्यं जुळवत होते, आणि ही म्हणते, "मॅडम, वडिलांना अजून सांगितलं नाही. त्यांनी मंडलाधिकाऱ्याकडे दोन चकरा मारून सातबारा आणला होता." मला काही बोलताच येईना. इतक्या वर्षांत निदान तो उतारा ऑनलाइन मिळायला लागलाय, पण त्यांच्या गटाच्या नोंदीत चूक होती, ती दुरुस्त करायला चकरा. मी तिला बाबांची गोष्ट सांगितली, पहिल्यांदाच. सासवडची एसटी, नोटरी, खिडकी, सगळं. बराच वेळ आम्ही दोघी गप्प होतो. मग तिनेच विचारलं, "तुम्ही त्यांना खरं कधी सांगितलंत?" नाही सांगितलं. बाबा जाऊन सहा वर्षं झाली.

आता कामाचं. आयोजकांनी कळवलंय की तिच्या संशोधनाचं पोस्टर दुसऱ्या कुणी लावलं तरी चालेल, ती व्हिडिओ कॉलवर उत्तरं देईल. इथे छापलेलं पोस्टर माझ्या केबिनच्या कोपऱ्यात गुंडाळून उभं आहे, ते काही आता पोचणार नाही. तुमच्यापैकी कुणाची मुलगी, भाचा, मित्र त्या बाजूला असेल तर मला मेसेज करा. गावाचं नाव तिथेच सांगते. फाइल आज रात्रीच पाठवते, छपाईचे पैसे मी देईन. सोमवारी सकाळी नऊच्या आत लावायचं आहे, आणि दुपारी दोन तास कुणीतरी फोन हातात धरून त्या पोस्टरपाशी उभं राहायला हवं.