हात दाखवून निदान

आपणांस वैद्यक शिकण्यात उमेदीची वर्षे घालवायची नसतील, प्रयोगशाळेतील यंत्रांवर पैसा ओतायचा नसेल, आणि तरीही समोरच्या माणसाच्या यकृतात, आतड्यात व बालपणीच्या दुःखात काय दडले आहे हे अर्ध्या मिनिटात सांगण्याची हौस असेल, तर स्नायू-चाचणीसारखी दुसरी विद्या नाही. भांडवल म्हणून आपला एक हात आणि गिऱ्हाइकाचा एक हात एवढे पुरते. गिऱ्हाइकाने हात खांद्याच्या रेषेत ताठ धरावा आणि आपण दोन बोटांनी त्याचे मनगट खाली दाबावे. हात टिकला तर शरीर ‘हो’ म्हणाले, खाली आला तर ‘नाही’ म्हणाले. रक्त काढावे लागत नाही, अहवालाची वाट पाहावी लागत नाही, आणि निकाल कागदावर उतरतच नसल्यामुळे पुढेमागे कोणी तो आपल्या नाकासमोर नाचवील अशी धास्तीही उरत नाही.

धंदा कोणताही असो, त्याला घराणे लागते, आणि सुदैवाने आपल्याला एक अत्यंत प्रतिष्ठित शेजारी लाभलेला आहे. स्नायूंचे बळ हाताने तपासण्याची खरी पद्धत पोलिओच्या साथींच्या काळात, १९१० च्या दशकात, बोस्टनचे अस्थिशल्यविशारद रॉबर्ट लव्हेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसवली. (१९२१ मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या पायांतले बळ गेले, तेव्हा पोलिओचे निदान करणारे ते हेच लव्हेट.) पुढे ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने ० ते ५ अशी श्रेणी रूढ केली. स्नायूचे आकुंचनच होत नसेल तर ०, गुरुत्वाकर्षणाविरुद्ध अवयव उचलता आला पण वरून दिलेला दाब सोसला नाही तर ३, आणि पूर्ण जोर असेल तर ५. मज्जातंतुविकारतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट आजही ती वापरतात, पण तिच्यावरून ते बिचारे एवढेच सांगू शकतात की अमुक स्नायू किंवा त्याला जाणारी नस दुबळी झाली आहे. एवढ्याशा ज्ञानावर कोणाचे पोट भरणार? तेव्हा आपण त्यांची हात धरण्याची ढब तेवढी उचलावी, आणि निष्कर्ष काढताना त्यांना वाटणारा संकोच त्यांच्यापाशीच राहू द्यावा.

हे धाडस प्रथम केले ते अमेरिकेतील डेट्रॉइटचे कायरोप्रॅक्टर, म्हणजे पाठीचे मणके हाताने दाबून उपचार करणारे, जॉर्ज गुडहार्ट यांनी, १९६४ मध्ये. त्यांच्याकडे आलेल्या एका तरुणाचे खांद्याचे पाते पाठीतून बाहेर डोकावत होते आणि ते धरून ठेवणारा बरगड्यांवरचा स्नायू चाचणीत कमजोर निघत होता. गुडहार्ट यांनी तो स्नायू बरगड्यांना चिकटतो तिथल्या दुखऱ्या गाठी दाबून चोळल्या आणि त्यांच्या सांगण्यानुसार स्नायूत तत्क्षणी जोर आला. एखादा सामान्य बुद्धीचा माणूस यावर ‘बरे झाले’ म्हणून पुढच्या रुग्णाकडे वळला असता. गुडहार्ट यांनी मात्र यावर ‘अप्लाइड काइनेसिऑलॉजी’ नावाची संपूर्ण शाखा उभारली. फ्रँक चॅपमन नावाच्या ऑस्टिओपॅथने (हाडे-स्नायू हाताने हाताळून उपचार करणाऱ्याने) सांगितलेले, आतल्या इंद्रियांशी जोडलेले मानलेले प्रतिक्षेपबिंदू घेतले, चिनी वैद्यकातील ऊर्जावाहिन्या घेतल्या, आणि प्रत्येक स्नायूची एकेका इंद्रियाशी सोयरीक जुळवून टाकली. त्यानुसार मांडीचा पुढचा मोठा स्नायू लहान आतड्याचा, कमरेच्या आतला सोआस मूत्रपिंडाचा, खांद्यावरचा डेल्टॉइड फुप्फुसांचा. या सोयरिकीला शरीररचनाशास्त्रात आधार सापडत नाही, परंतु पत्रिका जुळवताना तरी कोण आकाशात जाऊन पाहतो? आपण हा तक्ता रंगीत छापून भिंतीवर लावावा. ज्या विद्येचा तक्ता असतो ती विद्या खोटी असू शकत नाही, अशी लोकांची ठाम समजूत आहे.

शिकण्यास फार वेळ लागेल ही भीतीही बाळगू नये. गुडहार्ट यांचेच सहकारी जॉन थी यांनी १९७३ मध्ये ही विद्या घरगुती माणसांसाठी सोपी करून दिली, आणि तेव्हापासून ज्याला हात आहे तो निदान करण्यास पात्र आहे.

आता प्रत्यक्ष कृती. इथे बहुतेक नवशिके एक चूक करतात. त्यांना वाटते की हात खाली पाडण्यासाठी लबाडी करावी लागते. कृपया लबाडी करू नका, तिची काडीमात्र गरज नाही. गिऱ्हाइकाच्या जिभेवर साखरेची चिमूट ठेवा, साखर वाईट असते यावर मनापासून विश्वास ठेवा आणि दाबा. बाकीचे काम आपली बोटे आपल्याला न विचारता करतील. मनगटावर दाबले तर हात लवकर पडतो, कारण खांद्यापासूनचे अंतर जास्त. तोच जोर कोपराजवळ लावला तर हात ढिम्म हलत नाही. ‘धरा’ म्हणताक्षणी, स्नायू ताणला जाण्याच्या पापणीभर आधी दाबले तर पडतो; ‘धरा’ म्हणून क्षणभर थांबून हळूहळू जोर वाढवला तर टिकतो. सरळ खाली न दाबता किंचित तिरके दाबले तरी पडतो, कारण गिऱ्हाईक ज्या दिशेसाठी सज्ज झालेले असते ती ही नव्हे. या सगळ्या फरकांना बोटाच्या पेराएवढी जागा आणि सेकंदाचा लहानसा तुकडा पुरतो, त्यामुळे ते पाहणाऱ्याच्या तर नाहीच, पण करणाऱ्याच्याही लक्षात येत नाहीत. शिवाय समोरचा माणूसही या कामी मनोभावे हातभार लावतो. साखर वाईट हे त्यानेही ऐकलेलेच असते.

या सहकार्याला जुना इतिहास आहे. मिशेल शेव्ह्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३३ मध्ये दाखवून दिले की हातात धरलेला लंबक आपोआप हलल्यासारखा वाटतो खरा, पण डोळे बांधले की थांबतो. विल्यम कार्पेंटर यांनी १८५२ मध्ये या नकळत होणाऱ्या हालचालींना ‘आयडिओमोटर’ हे नाव दिले. मायकेल फॅरडे यांनी तर १८५३ मध्ये फारच रसभंग केला. त्या काळी लोक टेबलाभोवती बसून, त्यावर हात टेकवून ते आत्म्यांकरवी फिरवीत असत. फॅरडे यांनी हात आणि टेबल यांच्यामध्ये मऊ डिंकाने सैल चिकटवलेले पुठ्ठ्यांचे थर ठेवले. टेबल आधी हलले असते तर खालचा पुठ्ठा पुढे सरकला असता; प्रत्यक्षात सरकला वरचा, म्हणजे हाताखालचा. बसलेली मंडळी प्रामाणिक होती, आणि टेबलही तीच ढकलत होती. आपण याच परंपरेतले आहोत, मात्र आपल्या टेबलाला फी भरता येते ही आपली प्रगती.

हाताने आतड्याचे सांगितले की तेवढ्यावर थांबण्याचे कारण नाही. जॉन डायमंड या मनोविकारतज्ज्ञांनी १९७० च्या दशकात असे शोधून काढले की रॉक संगीतातील एक विशिष्ट ताल ऐकताच माणसाचे स्नायू दुबळे होतात. त्या तालावर रात्रभर नाचणाऱ्या लोकांपर्यंत ही बातमी पोहोचली नसावी. डेव्हिड हॉकिन्स यांनी १९९५ मध्ये आणखी उंच उडी घेतली आणि जगातील कोणतेही विधान, व्यक्ती किंवा विचार १ ते १००० या मापावर हाताच्या आधारे मोजता येतो असे जाहीर केले. २०० च्या खाली जे येईल ते शरीराला दुबळे करणारे आणि म्हणून असत्य. न्यायालये, संशोधनसंस्था आणि इतिहासाचे विभाग यांवर होणारा खर्च यामुळे वाचला असता, परंतु कोणत्याही सरकारने अजून खांदा पुढे केलेला नाही.

गिऱ्हाईक तान्हे मूल असेल, अंथरुणाला खिळलेले असेल किंवा कुत्रे असेल, तरीही अडचण नाही. आईने एका हाताने मुलाला स्पर्श करावा आणि दुसरा हात आपल्यापुढे धरावा. मुलाचा आजार आईच्या दंडातून उतरतो. काही जण तर रुग्ण दुसऱ्या गावी असतानाही मध्यस्थाच्या हातावर निदान करतात. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला निदान उंट तरी लागतो; इथे तोही लागत नाही. ॲलर्जीच्या क्षेत्रात १९८३ मध्ये देवी नंबुद्रिपाद यांनी कॅलिफोर्नियात सुरू केलेली पद्धत अभ्यासण्यासारखी आहे. संशयित पदार्थाची बंद कुपी रुग्णाच्या मुठीत द्यायची, दंड दाबून ॲलर्जी ठरवायची, पाठीवरचे बिंदू दाबून ती घालवायची, आणि पुढे २५ तास तो पदार्थ टाळायला सांगायचे. अमेरिकेतील अन्न-ॲलर्जीविषयीच्या २०१० च्या मार्गदर्शक सूचनांनी स्नायू-चाचणी निदानासाठी वापरू नये असे स्पष्ट सांगितले आहे, पण त्या सूचना वाचणारे लोक मुळात आपल्याकडे येत नाहीत. शेंगदाण्याच्या एका कणाने ज्याचा घसा सुजतो अशा मुलाला ‘ॲलर्जी गेली’ असे मात्र आपण जरा दूर उभे राहून सांगावे. पुढचा प्रसंग रुग्णवाहिकेत घडतो, आणि तिथे दंड दाबून भागत नाही.

ही विद्या वस्तू विकण्यासही उत्तम. मनगटात घालायच्या होलोग्रामच्या रबरी पट्ट्या २००७ नंतर जगभर खपल्या त्या याच जोरावर. गिऱ्हाइकाला एका पायावर उभे करायचे, हात बाजूला धरायला सांगायचे, दाबायचे. तो लटपटला की पट्टी घालून पुन्हा दाबायचे. पट्टी नेहमी दुसऱ्या खेपेलाच घालावी, कारण तोवर शरीराला दाब कुठून येणार हे कळलेले असते आणि ते आपसूक सावरते. हातच्या कांकणाला आरसा कशाला, असे म्हणून गिऱ्हाईक पाकीट काढते. ऑस्ट्रेलियातील ग्राहक आयोगाने मात्र आरसा मागितला, आणि आपल्या दाव्यांना विश्वासार्ह शास्त्रीय पुरावा नाही हे ‘पॉवर बॅलन्स’ कंपनीला जाहीरपणे कबूल करावे लागले. त्याच देशाने १ एप्रिल २०१९ पासून ज्या नैसर्गिक उपचारांसाठी खाजगी आरोग्यविम्याचे पैसे देणे बंद केले, त्यांतही काइनेसिऑलॉजी आहे. यावरून एवढाच धडा घ्यावा की फी रोख घ्यावी.

पूरक आहाराच्या गोळ्यांचे कपाट हाताशी ठेवणे हे तर ओघाने आलेच. गिऱ्हाइकाने बाटली छातीशी धरली की हात टिकतो, बाटली काढली की पडतो, आणि नवल म्हणजे शरीर नेमकी तीच बाटली मागते जी आपल्या कपाटात असते. १९८८ मध्ये अमेरिकेत तीन अनुभवी चाचणीकारांना ११ माणसे देऊन थायमिन, जस्त, ‘अ’ जीवनसत्त्व आणि ‘क’ जीवनसत्त्व यांची कमतरता ओळखायला सांगितली होती. तिघांची उत्तरे एकमेकांशी जुळली नाहीत, प्रयोगशाळेच्या तपासणीशीही जुळली नाहीत, आणि कुपीत काय आहे हे झाकून ठेवल्यावर निकाल नाणेफेकीच्या पंक्तीला जाऊन बसला. २००१ मध्ये जर्मन संशोधकांनी गांधीलमाशीच्या विषाची सिद्ध ॲलर्जी असलेल्या लोकांवर हीच परीक्षा घेतली, निष्पत्ती तीच. दोन्ही ठिकाणी बिघाड कुठे झाला ते चाणाक्ष वाचकाने ओळखलेच असेल. दाबणाऱ्याला उत्तर आधी सांगितलेले नव्हते. अशा अपमानास्पद परिस्थितीत कोणाचा हात चालेल?

या बाबतीत मानसशास्त्रज्ञ रे हायमन यांनी नोंदवलेला प्रसंग प्रत्येक नवशिक्याने ध्यानात ठेवावा. काही कायरोप्रॅक्टरांनी जिभेवर ग्लुकोज ठेवले की हात पडतो आणि फ्रुक्टोज ठेवले की टिकतो हे थाटात करून दाखवले. मग नळ्यांवर केवळ सांकेतिक क्रमांक घातले, आणि जीभ, दंड व दाबणारा यांपैकी कोणालाच काय कशात आहे हे ठाऊक राहिले नाही. हात मन मानेल तसे पडू लागले. निकाल ऐकल्यावर त्यांचे प्रमुख हायमन यांना म्हणाले की पाहिलेत ना, म्हणूनच आम्ही हल्ली असल्या दुहेरी आंधळ्या चाचण्या करीत नाही, त्या कधी चालतच नाहीत. या गृहस्थांच्या बोलण्यात तसूभरही खोटेपणा नव्हता, आणि या व्यवसायात टिकून राहायचे असेल तर आपणही तेवढेच प्रामाणिक असावे.

म्हणून एखादे गिऱ्हाईक दोन सारख्या पुड्या खिशातून काढून, ‘यातली साखर कोणती ते मलाही माहीत नाही, तुम्हीच दाबून सांगा’ असे म्हणू लागले, तर वाद घालू नये. त्याच्या संशयी मनाने आपली ऊर्जावाहिनी बुजली असल्याचे नम्रपणे सांगावे, त्या वाहिनीसाठी तीन महिन्यांच्या गोळ्या सुचवाव्यात, आणि तरीही ते पुड्या परत खिशात घालीना, तर पुढच्याला आत बोलवावे.