आजीच्या बळदातला झेंडा : एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

घरी मुलांसोबत केलेल्या पंधरा ऑगस्टबद्दल मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. पहिल्यांदा वाचली तेव्हा वाईट वाटलं. दुसऱ्यांदा वाचताना जाणवलं की तुम्ही पस्तीस वर्षं शाळेत शिकवलंय आणि हे सगळं मुलांच्या काळजीपोटी लिहिलंय. म्हणून दोन ओळींत आभार मानून मोकळी न होता सविस्तर उत्तर देते.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी सरांचं म्हणणं थोडक्यात असं: स्वातंत्र्यदिन हा मैदानावर, चारचौघांत साजरा करायचा दिवस, घरात आणला की त्याचा घरगुती सण होतो. दहा वर्षांच्या मुलीला आणि सहा वर्षांच्या मुलाला गोळीबार, रझाकार (हैदराबादच्या निजामाच्या बाजूची सशस्त्र संघटना) असलं सांगून त्यांचा आनंद का घालवायचा? त्यातून मनात मुसलमानांबद्दल अढी बसली तर? ‘त्या दिवशी आपलं गाव स्वतंत्र झालं नव्हतं’ हे ऐकून मुलांचा गोंधळ उडेल, ते सांगायला १७ सप्टेंबरचा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन आहे. आणि फोटोत झेंड्याच्या काठीच्या टोकाला झेंडूचा हार दिसतोय, तो ध्वजसंहितेत बसत नाही.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करते, कारण तिथे तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. ध्वजाच्या काठीवर किंवा तिच्या टोकावर फुलं, हार, काहीही लावायचं नसतं. तो हार मुलाने हौसेने केला होता आणि मी लावू दिला, ती चूक माझी. पाकळ्या झेंड्याच्या घडीत ठेवून मग झेंडा फडकवता येतो, हे मला तुमच्यामुळे नीट वाचून कळलं. मुलालाही ते समजावलं. पुढच्या वर्षी पाकळ्या घडीतच ठेवायच्या असं त्याने ठरवलंय, कारण झेंडा उघडताना त्या खाली पडतील हे त्याला हारापेक्षा जास्त आवडलं.

आता घरगुती सणाबद्दल. सर, आम्ही मैदान सोडलेलं नाही. सकाळी सव्वासातला दोन्ही मुलं इस्त्रीच्या गणवेशात शाळेच्या मैदानावर उभी असतात, आम्हीही मागे असतो. राष्ट्रगीत शेकडो जणांनी एकत्र म्हणण्यात जे आहे ते आमच्या गॅलरीत चौघांना येणार नाही, हे मला मान्य आहे. पण तिथे प्रश्न विचारायला जागा नसते. गेल्या वर्षी मुलीने परतताना रिक्षात विचारलं, “आई, आजी आणि पणजी पण त्या दिवशी झेंडावंदनाला गेल्या होत्या का?” हा प्रश्न ती मैदानात कोणाला विचारणार होती? आणि विचारला असता तरी उत्तर कोणाकडे होतं? माझ्या आजीचं उत्तर फक्त आमच्या घरात होतं.

आजी उदगीर तालुक्यातली. १९४७ साली ती तेरा वर्षांची होती. तिचं गाव निजामाच्या राज्यात, म्हणजे तिच्या भाषेत मोगलाईत. हैदराबाद संस्थानात सोळा जिल्हे होते, त्यातले पाच मराठी: औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी आणि उस्मानाबाद. १५ ऑगस्टला दिल्लीत, मुंबईत, पुण्यात झेंडे लागले. इकडे झेंडा लावणं हा गुन्हा होता. संस्थानातल्या स्वातंत्र्यलढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांना त्याच दिवशी अटक झाली.

आजीच्या माहेरच्या घरात भिंतीत बळद होतं. आमच्याकडे जुन्या वाड्यांत धान्य साठवायला असायचं, वरून ज्वारी ओतायची आणि खालच्या तोंडातून काढायची. आजीच्या थोरल्या भावाने त्या बळदात ज्वारीच्या खाली झेंडा ठेवला होता. तिने मला हे सांगितलं तेव्हा ती एक्याऐंशी वर्षांची होती. त्याआधी कधीच नाही. मी विचारलं, “आजी, कसा होता गं?” तर म्हणाली, “झेंडा म्हंजी काय, मांजरपाटाचा तुकडा व्हता. रंग तर पुसटच. मधी कोळशानं चरखा काढलेला.” चरखा, चक्र नव्हे. संविधान सभेने अशोकचक्राचा झेंडा २२ जुलै १९४७ ला स्वीकारला. ती बातमी त्या बळदापर्यंत पोचलीच नव्हती.

एका रात्री भाऊ आला, ज्वारीत खांद्यापर्यंत हात घालून तो तुकडा काढला आणि संस्थानाच्या सरहद्दीपलीकडे, स्वातंत्र्यसैनिकांच्या कॅम्पात निघून गेला. आजीला पुढे कित्येक दिवस बळदातून ज्वारी काढताना हात थरथरायचा, कारण आत आणखी काही असेल आणि ते कोणाला सापडेल अशी भीती. पोलीस ॲक्शननंतर, म्हणजे सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय लष्कराने संस्थान ताब्यात घेतल्यावर, भाऊ परत आला. झेंडा बरोबर नव्हता. कुठे गेला ते घरात कोणी विचारलं नाही, आणि त्यानेही सांगितलं नाही.

हे मी मुलांना सांगितलं, सर. तुम्ही म्हणता गोंधळ उडेल. तो उडालाच. मुलगी म्हणाली, “म्हणजे देश स्वतंत्र आणि पणजी नाही?” मी फरशीवर खडूने सोळा चौकोन काढले, पाचांवर शेंगदाणे ठेवले, मग संस्थान म्हणजे काय, निजाम भारतात सामील व्हायला तयार का नव्हता, निजाम आणि भारत सरकारमधला नोव्हेंबरचा जैसे थे करार काय होता, जमेल तसं सांगितलं. मुलाने मध्येच बीडचा शेंगदाणा खाल्ला. मुलीने मात्र वही आणली आणि १५ ऑगस्ट १९४७ पासून १७ सप्टेंबर १९४८ पर्यंतचे दिवस मोजायला बसली. महिन्यामागून महिना, बोटांवर. तिचं उत्तर आलं ३९८. माझं ३९९. आम्ही दोघी पुन्हा बसलो, आणि तिची चूक तिलाच सापडली. १९४८ लीप वर्ष होतं, २९ फेब्रुवारी राहिला होता. तो एक दिवस तिने लाल पेनाने लिहिला. म्हणाली, “पणजीने हा एक दिवस पण काढला ना.”

असा गोंधळ मला हवाच आहे. १७ सप्टेंबर आम्ही पाळतोच, पण त्या दिवशी सांगायचं म्हणजे १५ ऑगस्टला सगळीकडे उजाडलं असं आधी शिकवायचं आणि महिन्याभराने ते दुरुस्त करायचं. ते मला पटत नाही. गोव्यातल्या मुलांना तर १९ डिसेंबर १९६१ पर्यंत थांबावं लागलं. देशाचं स्वातंत्र्य तुकड्यातुकड्यांनी आलं, आणि दहा वर्षांच्या मुलाला हे कळतं.

भीतीचा मुद्दा मात्र मी सहज बाजूला ठेवत नाही. यंदा मी नंदुरबारच्या शिरीषकुमारबद्दल सांगितलं. ९ सप्टेंबर १९४२, पंधरा वर्षांचा मुलगा, हातात तिरंगा, आणि पोलिसांचा गोळीबार. त्याच्यासोबत आणखी चौघे मारले गेले. मुलगी बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारलं, “त्याच्या आईला जाऊन कोणी सांगितलं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या रात्री ती माझ्याजवळ झोपली. तुम्ही म्हणाल, बघा, हेच मी सांगत होतो. पण ती घाबरून नव्हती आली. त्या आईचं काय झालं असेल, हेच ती अंधारात बोलत राहिली. दुसऱ्याच्या आईसाठी तिला वाटलं, तर त्यापासून मी तिला का वाचवू? धाकट्याला मात्र मी गोळीबार सांगितला नाही. त्याला एवढंच सांगितलं की एका मुलाने झेंडा सोडला नाही. वयाचा विचार मीही करते, सर, फक्त रेघ तुमच्यापेक्षा थोडी अलीकडे आखते.

रझाकारांबद्दल तुमची काळजी मला सगळ्यात जास्त भिडली. ती खरीच आहे. म्हणूनच मी रझाकारांबरोबर शोएबुल्ला खान यांचं नाव सांगितलं. हैदराबादमध्ये ‘इमरोज’ हे उर्दू दैनिक चालवणारे, संस्थानाने भारतात यावं असं निर्भयपणे लिहिणारे संपादक. ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचा खून झाला. सोलापूरच्या चार हुतात्म्यांत मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांच्याबरोबर कुर्बान हुसेन आहेत, चौघे एकाच दिवशी येरवड्यात फासावर गेले, १२ जानेवारी १९३१. ही नावं एका दमात सांगितली की मुलं ती एका दमातच लक्षात ठेवतात. आणि पोलीस ॲक्शननंतर मराठवाड्यात कितीतरी निरपराध मुसलमान कुटुंबांवर जे ओढवलं, ते मी अजून सांगितलेलं नाही. मुलगी तेरा-चौदाची झाली की सांगणार आहे. आजीने तेही मला सांगितलं होतं, आवाज अगदी खाली आणून. तेवढं वगळून बाकीचं सांगायचा मला हक्क नाही असं मला वाटतं.

आमच्या घरी त्या दिवशी आनंद नसतो असं तुम्हाला वाटलं असेल तर तो माझ्या लिहिण्याचा दोष. गव्हाची खीर असते, कारण आजी करायची. संध्याकाळी झेंडा उतरवतो. २०२२ पासून घरावर रात्रीही ठेवायला परवानगी आहे, पण उतरवून घडी घालणं मुलांना इतकं आवडतं की आम्ही ते सोडलं नाही. एक टोक तिच्याकडे, एक त्याच्याकडे. केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या खाली दुमडायचा, मग दोन्ही बाजू आत घ्यायच्या, की वर चक्र राहतं. त्याआधी धाकटा आऱ्या मोजतो. चोवीस. पहिल्या आरीवर बहिणीने बोट ठेवायचं, नाहीतर तो गोल गोल मोजतच राहतो. आमचा झेंडा खादीचा आहे, नांदेडला तयार झालेला. तिथल्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत तिरंगे बनतात आणि त्यांचं कापड उदगीरच्या केंद्रातून येतं. उदगीरचं, सर. ज्या तालुक्यात तो ज्वारीखाली लपवावा लागला, तिथलं कापड. दुकानदाराने हे सांगितलं तेव्हा मी तिथेच काउंटरवर हात टेकून उभी राहिले.

आता तुमच्या प्रतिक्रियेतली एक ओळ, जी तुम्ही जाता जाता लिहिलीत: ‘माझे वडील तुफान सेनेत होते, त्यांनी घरी यातलं कधी काही सांगितलं नाही, तरी आम्ही देशावर प्रेम करायला शिकलोच.’

सर, मी या ओळीवर थांबले. कुंडलची तुफान सेना! साताऱ्यात इंग्रजांविरुद्ध उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारातली ती माणसं. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ सरकारी पगार नेणारी रेल्वे अडवणारी. तुम्ही प्रेम करायला शिकलात यात शंकाच नाही. पण वडील कुठे झोपायचे, कोणाच्या घरची भाकरी खायचे, तुमच्या आईला काय निरोप यायचा, हे तुम्हाला माहीत आहे का? माझ्या आजीने एक्याऐंशीव्या वर्षी तोंड उघडलं नसतं तर मलाही बळद माहीत नसतं. तिच्या भावाचं नाव कोणत्याही यादीत नाही. मी तालुक्याला जाऊन विचारून आले. देशाची गोष्ट शाळा सांगेल, आणि तुमच्यासारख्या शिक्षकांनी ती चांगलीच सांगितली असणार. ही गोष्ट कोण सांगणार होतं?

तुमच्या वडिलांबद्दलची ती ओळ मी मुलीला वाचून दाखवली. तिने तुमच्यासाठी प्रश्न लिहून दिलेत. जमलं तर इथेच उत्तर द्या. तुमच्या बहिणी किंवा गावाकडचं कोणी मोठं माणूस असेल तर त्यांना विचारून द्या, आम्ही वाट बघू. तिच्याच शब्दांत देते:

“तुमचे बाबा रात्री चालायचे तेव्हा त्यांच्या पायात चपला होत्या का? त्यांना कुत्री भुंकायची तेव्हा ते काय करायचे? आणि ते घरी परत आले तेव्हा पहिल्यांदा दार कोणी उघडलं?”