चक्कर आली तरी कपालभाती थांबवू नका, असं सांगणाऱ्यांना

बडोद्यातल्या आपल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. सारांश असा: प्राणायाम शिकायचा कशाला, श्वास तर जन्मापासून घेतोच, व्हिडिओ लावा आणि सुरू करा. कपालभाती, म्हणजे पोटाच्या झटक्यांनी भराभर श्वास सोडणं, हा सर्वांत श्रेष्ठ प्राणायाम, जितका वेग तितका लाभ. त्याने रक्तातला ऑक्सिजन दुप्पट होतो. चक्कर आली, मुंग्या आल्या तर शक्ती जागी होतेय समजा, थांबू नका. आणि ग्रंथ वाचण्यात वेळ घालवू नका.

यातला मुंग्यांचा मुद्दा सर्वांत घातक, म्हणून आधी तोच घेतो. जोरजोरात भराभर श्वास सोडत राहिलं की शरीरातला कार्बन डायऑक्साइड नको इतका बाहेर पडतो. तो घटला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि गरगरायला लागतं. रक्ताची आम्लता कमी होते, त्यामुळे ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात. कमाटीबागेत एका सकाळी एक काकू दिसल्या. डोळे मिटलेले, पोटाचे झटके चालू, हातांची बोटं आखडून आत वळलेली, आणि शेजारच्या बाई म्हणतायत, “चालू ठेवा, हेच तर हवंय!” मी त्यांना थांबवलं, नेहमीसारखा संथ श्वास घ्यायला लावला. जरा वेळाने बोटं सुटली. ती शक्ती जागी होत नव्हती. शरीर ‘पुरे’ म्हणत होतं. हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथाच्या दुसऱ्या उपदेशात (प्रकरणात) स्पष्ट बजावलंय की सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश होतात तसाच वायूही हळूहळू वश करावा, नाहीतर तो साधकाचाच घात करतो. परंपरेचं नाव घेऊन नेमकं परंपरेच्या उलट सांगायचं, याचा मला मनापासून राग येतो.

ऑक्सिजन दुप्पट होतो, हे तर शक्यच नाही. निरोगी माणसाच्या धमन्यांतलं हिमोग्लोबिन मुळातच 95 ते 100 टक्के ऑक्सिजनने भरलेलं असतं. कोरोनात घेतलेलं ऑक्सिमीटर कपाटात असेल, ते बोटाला लावून बघा. 98 चे दुप्पट होणार कसे? प्राणायामाचा लाभ दुसरीकडे आहे: श्वासाची गती उतरते, लांब सोडलेल्या श्वासाबरोबर नाडी मंदावते, मन एका जागी बसतं.

कपालभाती वाईट नाही, मीही करतो. पण हठप्रदीपिकेत ती धौती, नेतीच्या पंगतीत षट्कर्मांत, म्हणजे शरीर शुद्ध करणाऱ्या सहा क्रियांत येते. आठ कुंभकांच्या, म्हणजे प्राणायामाच्या आठ प्रकारांच्या यादीत भस्त्रिका (भात्यासारखा जोरात श्वास घेणं-सोडणं) आहे, भ्रामरी आहे, उज्जायी आहे, कपालभाती नाही. म्हणजे ती शुद्धिक्रिया आहे, अख्खा प्राणायाम नव्हे.

आता शिकण्याबद्दल. श्वास आपोआप चालतो हे खरं, आणि म्हणूनच तो जाणून बदलणं शिकावं लागतं. नवशिक्याला ‘खोल श्वास घ्या’ म्हणा, दहातले बरेच जण खांदे उचलतात आणि पोट आत ओढतात. अगदी उलटं! उताणं पडून एक हात छातीवर, एक बेंबीवर ठेवा. घेताना आधी खालचा हात उचलला गेला पाहिजे. हे जमलं की ताठ बसायची सवय. योगसूत्रं लिहिणारे पतंजलीही प्राणायाम आसन स्थिर झाल्यानंतरच सांगतात. मग अनुलोम-विलोम, म्हणजे आलटूनपालटून एकेका नाकपुडीने श्वास, तोही अजिबात न रोखता: उजव्या हाताच्या अंगठ्याने उजवी नाकपुडी, अनामिकेने डावी. चार अंकांत घ्यायचा, चारांत सोडायचा. सोडणं पुढे सहा, मग आठ. श्वास सोडून झाल्यावर पुढचा श्वास हपापल्यासारखा आत येत असेल तर आकडा जास्त झाला, खाली या. ही चूक समोर बसलेल्या शिक्षकाला लगेच कळते, व्हिडिओला कळत नाही.

आणि ग्रंथ नकोत म्हणे! निदान बडोदेकरांनी तरी हे म्हणू नये. स्वामी कुवलयानंदांचा जन्म 1883 चा, आपल्या डभोईतला. बडोद्यात प्रोफेसर माणिकरावांकडे ते व्यायामविद्या शिकले, नर्मदाकाठी मालसरला माधवदासजींकडे योग. शास्त्र वाचलं, गुरूकडे बसले, तरी तेवढ्यावर विसंबले नाहीत. 1920-21 मध्ये इथल्याच हॉस्पिटलात विद्यार्थ्यांना घेऊन उड्डियान (पोट आत ओढून धरणं) आणि नौली (पोटाचे स्नायू फिरवणं) यांचे शरीरावर होणारे परिणाम तपासले. त्यांची लोणावळ्याची योगसंस्था कैवल्यधाम आणि ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक त्यानंतरचं, 1924 चं.

मेसेजमध्ये एक गोष्ट साफ गाळलीय. रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, काचबिंदू, अपस्मार यांपैकी काही असेल, नुकतंच पोटाचं ऑपरेशन झालं असेल किंवा दिवस गेलेले असतील, तर कपालभाती, भस्त्रिका आणि श्वास रोखणं डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. ज्यांनी हा मेसेज आई-वडिलांना, सासू-सासऱ्यांना पाठवलाय, त्यांनी आजच फोन करून एवढं त्यांच्या कानावर घालावं.