‘नियम भरा आणि झोपा’: ऑर्डर सांभाळणाऱ्या रोबोबद्दलच्या दाव्याला उत्तर

चलनबाजारातल्या ऑटो ट्रेडिंगबद्दल एक मजकूर सतत फॉरवर्ड होत असतो. शब्द थोडेफार बदलतात, गाभा हाच: नियम एकदा सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे ‘रोबो’मध्ये, भरा, ऑर्डर टाकण्यापासून नफा काढण्यापर्यंत सगळं ते बघेल, स्टॉप लॉस (तोटा होऊ लागला की ट्रेड आपोआप बंद करणारा ठरलेला भाव) असल्यामुळे तोटा ठरलेल्या रकमेबाहेर जाणार नाही, लॅपटॉप बंद करून झोपलात तरी चालेल, भावना नाहीत म्हणून चुका नाहीत, आणि हे सगळं दहा वर्षांच्या डेटावर तपासलेलं आहे.

यातलं सगळंच खोटं नाही. हिशेबात सॉफ्टवेअरचा हात कोणी धरणार नाही. समजा खातं 10,000 डॉलरचं, एका ट्रेडला जोखीम 1 टक्का आणि स्टॉप 25 पिपवर (पिप म्हणजे इथे भावातली 0.0001 ची हालचाल). युरो-डॉलरच्या एका पूर्ण लॉटला (1,00,000 युरोचा सौदा) पिपमागे 10 डॉलर, म्हणून 100 भागिले 250, म्हणजे 0.40 लॉट. माणूस घाईत इथे चुकतो, प्रोग्रॅम चुकत नाही. गोची पुढे आहे. खरी ऑर्डर असते ब्रोकरच्या सर्व्हरवर. सॉफ्टवेअरकडे असते ती फक्त तिच्याबद्दलची समजूत. या दोन्हींत फरक पडला की चोख नियमसुद्धा भलत्याच गोष्टीला लागू होतात.

‘तोटा ठरलेल्या रकमेबाहेर जात नाही’

जातो. भाव स्टॉपला टेकला की त्याची मार्केट ऑर्डर होते आणि मिळेल त्या भावाला ती भरली जाते. वरच्या उदाहरणात पिपमागे 4 डॉलर आहेत. बाजार रविवारी मधले भाव गाळून, आपण ट्रेड घेतलेल्या भावापासून 60 पिप उलटा उघडला, तर 100 ऐवजी 240 डॉलर गेले. टोकाचं उदाहरण 15 जानेवारी 2015 चं. स्विस नॅशनल बँकेने युरो-फ्रँकची 1.20 ची किमान पातळी अचानक सोडून दिली आणि भाव काही मिनिटांत 1 च्या खाली गेला. 1.20 च्या जवळपास लावलेले स्टॉप कितीतरी खाली भरले गेले. एफएक्ससीएम या ब्रोकरच्या ग्राहकांची खाती मिळून सुमारे 22.5 कोटी डॉलर उणे झाली आणि कंपनीला 30 कोटी डॉलरचं कर्ज घ्यावं लागलं.

रोजच्या व्यवहारात यापेक्षा वेगळाच प्रकार जास्त नडतो. सेल केलेली पोझिशन (खुला सौदा) आस्क भावावर, म्हणजे ब्रोकर आपल्याला विकतो त्या भावावर, बंद होते. मेटाट्रेडर 4 या ट्रेडिंग प्रोग्रॅमचा चार्ट मात्र बिड, म्हणजे ब्रोकरचा खरेदीचा भाव, दाखवतो. स्टॉप 1.0850 ला आहे, चार्टवर भाव 1.0843 ला आहे. न्यूयॉर्कच्या संध्याकाळी पाचला, दिवस बदलताना, स्प्रेड (बिड आणि आस्कमधला फरक) एका पिपवरून आठ पिपवर गेला की आस्क होतो 1.0851. ट्रेड बंद. चार्टवर रेषेला स्पर्शही दिसत नाही, मग ‘ब्रोकरने स्टॉप उडवला’ अशी ओरड सुरू होते. (कधी कधी ती खरीही असते, पण आधी स्प्रेड तपासावा.) उपाय साधा आहे: सेलच्या स्टॉपमध्ये नेहमीचा स्प्रेड मिळवायचा आणि स्प्रेड ठरावीक मर्यादेपुढे असताना नवी ऑर्डर टाकायची नाही.

‘लॅपटॉप बंद केला तरी चालेल’

स्टॉप लॉस, टार्गेट आणि पेंडिंग ऑर्डर (ठरलेला भाव आला की लागणाऱ्या) सर्व्हरवर असतात, त्या चालतील. मेटाट्रेडरचा ट्रेलिंग स्टॉप (नफा वाढेल तसा भावामागे सरकणारा) मात्र आपल्या मशीनवरच्या टर्मिनलमधून चालतो, आणि रोबोही तिथूनच. टर्मिनल बंद झालं की स्टॉप शेवटी जिथे सरकवला होता तिथेच थांबतो. ‘व्हीपीएस (सतत चालू राहणारा भाड्याचा दूरचा संगणक) घेतला आहे’ हे अर्धंच उत्तर. विंडोज अपडेटनंतर मशीन रीस्टार्ट झालं, पण टर्मिनल स्टार्टअपमध्ये टाकलेलंच नसेल तर? आणि टर्मिनल सुरू झालं तरी रोबोच्या मेमरीतल्या नोंदी पुसल्या गेलेल्या असतात. म्हणून सुरू होताच त्याने सर्व्हरवरच्या ऑर्डर वाचून आपल्या मॅजिक नंबरच्या (रोबो आपल्या ऑर्डरवर टाकतो तो ओळख क्रमांक) वेगळ्या काढायला हव्यात.

सर्व्हर प्रत्येक ऑर्डरला देतो त्या तिकीट क्रमांकावर विसंबू नये. मेटाट्रेडर 4 मध्ये अर्धी पोझिशन बंद केली की उरलेल्या अर्ध्या भागाला नवं तिकीट मिळतं. पहिल्या टार्गेटला अर्धा नफा काढणारा रोबो जुनंच तिकीट शोधत बसतो, आणि उरलेला भाग वाऱ्यावर.

‘भावना नाहीत म्हणून चुका नाहीत’

भीती नाही, तशी शंकाही नाही. ऑर्डर पाठवली, नेटवर्क अडखळलं, उत्तर आलं टाइमआउट, एरर 128. याचा अर्थ ‘ऑर्डर लागली नाही’ असा होत नाही; लागली की नाही ते कळलं नाही, एवढाच होतो. माणूस टर्मिनल उघडून बघेल. घाईत लिहिलेला रोबो पुन्हा पाठवतो आणि 0.40 चे 0.80 लॉट होतात. योग्य क्रम असा: काही सेकंद थांबा, खुल्या ऑर्डर तपासा, मग हिस्टरीही, म्हणजे बंद झालेल्या ऑर्डरही, तपासा (दरम्यान ऑर्डर लागून स्टॉपवर बंदही झालेली असू शकते), आणि कुठेच सापडली नाही तरच पुन्हा पाठवा.

किती भरलं याचा हिशेब सुटला की काय होतं, ते शेअर बाजाराने 1 ऑगस्ट 2012 ला पाहिलं. अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या ट्रेडिंग कंपनीच्या आठ सर्व्हरपैकी एकावर नवा कोड चढवायचा राहिला. तिथला जुना कोड जागा झाला आणि मूळ ऑर्डर पूर्ण झाली हे न कळल्याने पुन्हा पुन्हा ऑर्डर सोडत राहिला. 45 मिनिटांत 40 लाखांवर सौदे, 46 कोटी डॉलरहून जास्त तोटा.

छोट्या चुका तर कितीतरी. भाव पाच दशांश अंकांत येतो, पण रोबो चार अंकांच्या काळात लिहिलेला. मग ‘25’ चा स्टॉप अडीच पिपवर लागतो किंवा एरर 130 (अवैध स्टॉप) येऊन नाकारला जातो. मार्चमध्ये अमेरिकेची घड्याळं युरोपच्या दोन-तीन आठवडे आधी पुढे सरकतात. युरोपची वेळ पाळणाऱ्या सर्व्हरवर अमेरिकी महागाईचा आकडा तेव्हा एक तास लवकर येतो, आणि बातमीच्या वेळी थांबायला सांगितलेला रोबो नेमका त्या क्षणी खुशाल ट्रेड घेतो.

‘दहा वर्षांच्या डेटावर तपासलं आहे’

कुठल्या डेटावर? मेटाट्रेडर 4 चा टेस्टर (जुन्या भावांवर रोबो चालवून बघणारी सोय) स्प्रेड स्थिर धरतो आणि मिनिटाच्या कँडलमधून टिक (भावाचे एकेक बदल) कल्पनेने तयार करतो. एकाच मिनिटात स्टॉप आणि टार्गेट दोन्ही आले, तर आधी कुठलं लागलं ते तिथे अंदाजानेच ठरतं. पाच-सात पिपचं टार्गेट असलेल्या रोबोचा सगळा नफा अशा अंदाजात असू शकतो. त्यात प्रत्येक तोट्यानंतर लॉट दुप्पट करत जाणारी पद्धत असेल तर आलेख आणखी गुळगुळीत दिसतो: 0.01 पासून आठव्या पायरीला 1.28, एकूण 2.55 लॉट, आणि नववी पायरी टेस्टरच्या काळात आलेलीच नसते.

टाइमआउट, रीस्टार्ट, नाकारलेली ऑर्डर यांपैकी काहीच बॅकटेस्टमध्ये (जुन्या डेटावरच्या अशा चाचणीत) येत नाही. ते डेमो खात्यावर मुद्दाम घडवून पाहावं लागतं: पोझिशन खुली असताना टर्मिनल बंद करून पुन्हा सुरू करा, ऑर्डर जात असताना नेट काढा, अर्धी पोझिशन हाताने बंद करा, आणि प्रत्येक वेळी रोबोच्या लॉगमधली यादी टर्मिनलमधल्या ऑर्डरशी एकेक ओळ जुळवून बघा.